तीन नोव्हेंबरच्या आत

आगान्या, ग्वाम
ऑक्टोबर १८९९

प्रिय टोमासाताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. खाली बस, सुपारी तोंडात टाक आणि मग वाच, कारण तुझ्या छप्पन्न वर्षांच्या धाकट्या बहिणीचं लग्न लावायचं अमेरिकन सरकारने मनावर घेतलं आहे. तीन नोव्हेंबरच्या आत मी लग्न केलं तर ठीक, नाही केलं तर दंड, आणि दंड भरला नाही तर कोठडी. मी 'नाही' म्हणून बसले आहे. शेजारीपाजारी समजावून थकले, पाद्रीबाबांचे निरोप येऊन गेले, सरकारी माणूस घरी येऊन कॉफी पिऊन गेला, तरी माझं 'नाही' ते 'नाही'च. ते का, हे या गावात कोणालाही मला धड सांगता आलेलं नाही. तुला सांगेन. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? लहानपणी तू मीठ मागायला पाठवलंस की मी गल्लीभरची खबर घेऊन यायचे आणि मीठ विसरायचे. तेव्हा आधी खबर ऐक.

गेल्या वर्षी अमेरिकेच्या लढाऊ जहाजाने आपल्या जुन्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि आपल्या स्पॅनिश साहेबांना ती सलामी वाटली, हे तुमच्या सायपानला पोचलंच असेल. बिचारे होडीत बसून जहाजावर गेले ते माफी मागायला, की आमच्याकडे तोफेची दारू संपली आहे, उलट सलामी द्यायची तर थोडी उसनी द्या. तिथे त्यांना कळलं की लढाई चालू आहे आणि ते ती हरले आहेत. त्यानंतर वर्षभर इकडे कोणी फारसं फिरकलं नाही, आणि खरं सांगू का, ते वर्ष बरं गेलं. यंदाच्या ऑगस्टात नवे गव्हर्नर उतरले. तुमची कथा तर आमच्याहून मजेची. आम्हाला स्पेनच्या राणीने लढाईत घालवलं आणि तुम्हाला बाजारात विकलं. जर्मनीच्या कैसरने सायपान विकत घेतलं म्हणतात, आणि घेणारा अजून माल बघायलासुद्धा आलेला नाही. आला की आमचा नमस्कार सांग.

इकडे मात्र मालक हजर आहेत आणि त्यांना झोप कमी आहे. चौकात ढोल वाजला की आम्ही समजतो, आज आणखी काहीतरी बंद झालं. गावोगावच्या संतांच्या मिरवणुका बंद. स्पॅनिश पाद्र्यांना जहाजात बसवून रवाना केलं, आपल्याच बेटावरचे एक पाद्रीबाबा तेवढे उरलेत. पहाटेची घंटा बंद, कारण साहेबांची झोपमोड होते. आता सगळं गाव सवयीने घंटेशिवायच उठतं, आणि घंटा तर वाजली नाही म्हणून परत झोपतं. मी घरोघर नऊ दिवसांच्या प्रार्थना सांगते ते अजून बंद झालेलं नाही. घरात काय चालतं ते त्यांना ऐकू जात नसावं.

आणि मग तो लग्नाचा ढोल वाजला. जे स्त्री-पुरुष लग्नावाचून एका छपराखाली राहतात त्यांनी तीन नोव्हेंबरच्या आत लग्न करावं, सरकार फुकट लावून देईल. चौकातल्या अर्ध्या माणसांनी आपापल्या पायांकडे बघितलं. कारण तुला माहीत आहे, आपल्यात काय होतं ते. लग्न म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीकडचं अख्खं गोत जेवू घालायचं. मग डुक्कर मोठं होईपर्यंत थांबू, या वर्षी वादळाने मका गेला तर पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत म्हणत माणसं एकत्र राहायला लागतात आणि डुक्कर मोठं व्हायच्या आत नातवंडं मोठी होतात. आता सगळ्यांची लग्नं एकाच महिन्यात आली. बेटावरच्या डुकरांना कोणीतरी आधीच खबर दिली असावी, अशी ती रानात पळाली आहेत.

गव्हर्नर राहतात त्या राजवाड्याच्या ओसरीवर टेबल टाकून हॅडली नावाचा एक जाडजूड, मोठ्या मिशांचा अमेरिकन बसतो. शेजारी दुभाषा म्हणून आपल्याच गावचा एक माणूस, जो तरुणपणी व्हेल मारणाऱ्या जहाजांवर होता आणि त्यामुळे ज्याला इंग्रजीतल्या शिव्याच जास्त येतात. रांग थेट चौकापर्यंत. त्या रांगेत पहिल्याच दिवशी कोण उभं होतं सांगू? म्हातारा रोके आणि त्याची बहीण उर्सुला! हॅडलीने त्याच्या बापाचं नाव विचारलं, लिहिलं. तिच्या बापाचं विचारलं, तेच. आईचं विचारलं, तेच. दुभाषा ओरडला, "अरे, तुम्ही भाऊबहीण इथे कशाला तडफडलात?" रोके हात जोडून म्हणाला, "बाबा, ढोलवाला म्हणाला, एका छपराखाली बाई आणि बुवा. आमचं छप्पर एकच आहे." आणि उर्सुला काठी आपटत म्हणाली, "मी याला वाटभर सांगत आले, हे सरकार जरा जास्तच करतंय म्हणून. पण हा म्हणतो, हुकूम तो हुकूम." हॅडलीला जेव्हा कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याची खुर्ची मोडली. हसले सगळेच, मीही हसले, पण घरी येऊन विचार करत बसले. तीनशे वर्षं नुसते हुकूम ऐकून ऐकून आपल्या माणसांची ही गत झाली आहे, की सख्ख्या बहिणीशी लग्न कर म्हटलं तरी ती सदरा घालून रांगेत उभी राहतात.

सगळेच असे नाहीत मात्र. आपल्या कुंपणापलीकडची लोरेन्सा तुला आठवते ना, जिचा आवाज नदीपलीकडे जातो? ती आणि हुस्तो चाळीस वर्षं एकत्र आहेत. हुकूम आला तसा हुस्तो घाईघाईने म्हणाला, "चल, आटपून येऊ, संध्याकाळी माडी उतरवायची आहे." लोरेन्साने हातातली परात खाली ठेवली आणि म्हणाली, "चाळीस वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस. आता सरकार विचारतंय तर मला जरा विचार करू दे. मोकळी बाई आहे मी." आणि खरंच तिने त्याला पुतणीकडे राहायला पाठवलं! रोज सकाळी हा बाबा माडीने भरलेला बांबूचा नळा घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभा. वरून ती ओरडणार, "ठेव तिथे आणि जा. लग्नाआधी रोज रोज मुलीच्या दारात उभं राहणं बरं दिसत नाही." सगळी गल्ली सकाळची कामं सोडून कुंपणाला लागायची. शेवटी हुस्तोने आपले दोन चुलते, दोघंही लाठी टेकत चालणारे, पुढे घातले आणि रीतसर मागणी घातली. लोरेन्साने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा हो म्हटलं, आणि गेल्या रविवारी लग्नात ती एवढी रडली की पाद्रीबाबांना थांबावं लागलं. मी तिला म्हटलं, "अगं, घर तेच, माणूस तोच, रडतेस कशाला?" ती म्हणाली, "विचारलं गं त्याने." एवढंच.

आता माझ्याकडे येते. गेली अठरा वर्षं, तू सायपानला गेल्यापासून, जमेल तसं मी तुला पत्र लिहीत आले. त्या पत्रांत छप्पर शाकारलं गेलं, कुंपण नवीन झालं, विहिरीला कठडा बसला, मला हिवताप झाला तेव्हा माझी नीट शुश्रूषा झाली. कोणी केलं, ते मी लिहिलं नाही. तूही शहाणी, तू विचारलं नाहीस. जणू माझ्या घरात छप्परं आपोआप शाकारली जातात! दोघींनी मिळून एका अंगापिंडाने चांगल्या मोठ्या माणसाला पत्रांतून असं सफाईने गायब केलं, की मला कधी कधी त्याच्या पाठीकडे बघून हसू यायचं. त्याचं नाव आज लिहिते. इलारियो. तुला तो आठवत असणारच. मनिलाहून स्पॅनिश सरकारने हद्दपार करून ज्यांना इथे आणून टाकलं त्यांच्यातला तो सुतार, ज्याच्या पायाला बेडीचा वण होता.

तो आता कसा आहे ते सांगते. केस पांढरे झाले आहेत, समोरचे दात गेले आहेत, आणि आवाज तसाच हळू. दारं, पेट्या, पाळणे, शवपेट्या, सगळं करतो. शवपेटीच्या पैशांवरून एकदाही घासाघीस केली नाही. गाणं अजिबात येत नाही आणि तरी रंधा मारताना गातो. मी चिडले की ओसरीवर जाऊन बसतो आणि माझा आवाज खाली आला की आत येऊन विचारतो, "झालं का वादळ? झावळ्या गोळा करू?" अशा माणसाशी भांडताही धड येत नाही.

सुरुवातीला गावात त्याला कोणी विचारत नव्हतं. मग आमच्या गल्लीतल्या एका कोळ्याच्या घरी बाप्तिस्मा निघाला आणि धर्मपित्याला चर्चमध्ये घालायला बरा सदरा नव्हता. इलारियोकडे मनिलाचा एक होता, अननसाच्या धाग्याचा, आरपार पातळ, पुढे भरतकाम. कोळी तो मागायला आला. मी म्हटलं, सदरा एकटा जाणार नाही, माणसासकट न्या आणि धर्मपिताही त्यालाच करा. नेलं. आणि हा मनुष्य बाळाच्या डोक्यावर पाणी पडताच बाळापेक्षा मोठ्याने रडला. बायकांना ते भयंकर आवडलं. त्या दिवसापासून गल्लीत पाळणा हलला की लोक इलारियोकडे. सदरा विरून कधीच संपला, बोलावणी संपली नाहीत. मुलाचा बाप आणि धर्मपिता आपल्यात जन्माचे भाऊ होतात, तसे याला भाऊच भाऊ झाले. कोणाच्या घरी मेलं-गेलं की पहिला हा, कोणाचा रेडा चिखलात रुतला की पहिला हा. आज आगान्यात तो रस्त्याने निघाला की पोरं धावत येऊन त्याचा हात हुंगतात, जसा आपण वडीलधाऱ्यांचा हुंगतो, आणि त्याला चर्चपर्यंत पोचायला अर्धी सकाळ लागते.

या महिन्यात तर कहर झाला. जो तो लग्नाला धर्मपिता म्हणून त्यालाच घेऊन जातो. हॅडलीने त्याला इतक्या वेळा टेबलासमोर पाहिलं की शेवटी त्याने विचारलं, "का हो, सगळ्यांच्या लग्नाला तुम्ही. तुमची बायको कुठे आहे?" इलारियो म्हणाला, "घरी आहे." "लग्न झालंय?" "नाही." "मग हुकूम ऐकला नाही का?" "मी ऐकला. ती नाही म्हणते." म्हणतात, रांगेतले सगळे एकदम बोलायला लागले आणि हॅडलीला माझ्याबद्दल जे कळायला नको होतं तेही कळलं.

दुसऱ्या दिवशी तो दुभाष्याला घेऊन आपला जिना चढून आला. दोन पायऱ्या कुरकुरल्या. मी त्याला कॉफी दिली, नीरफणस भाजून दिला. त्याने घाम पुसत विचारलं की या माणसाने मला कधी मारलं का, दारू पिऊन त्रास दिला का. मी म्हटलं, "तो मारणार? तो विंचूसुद्धा कागदावर उचलून बाहेर ठेवतो." मग अडचण काय? मी म्हटलं, "साहेब, तुमच्याकडे कागद आहे, शाई आहे, तारीख आहे. पण आमच्यात लग्न म्हणजे आधी कोणीतरी येऊन मागतं आणि मुलीच्या घरचं मोठं माणूस हो म्हणतं. माझं मोठं माणूस या बेटावर नाही." त्याने विचारलं, "कुठे आहे?" मी म्हटलं, "सायपानला. माझी ताई." तो दुभाष्याकडे बघून म्हणाला, "पण सायपान जर्मनीचं आहे." मी म्हटलं, "असेल. माझी ताई जर्मनीची नाही." ताई, तो माणूस वाईट नाही. त्याने कॉफी संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही छप्पन्न वर्षांच्या आहात. तुमचं हो तुमच्यापाशीच आहे." मी म्हटलं, "तुमच्या देशात असेल. माझं हो अर्धं माझ्यापाशी आहे आणि अर्धं तिच्यापाशी." तारीख पुढे ढकलायचा अधिकार त्याला नाही. आणि सायपानला जायचं तर आता परवाना लागतो म्हणे! इथून दोन दिवसांच्या समुद्रावर, जिथे आपले मामा नुसत्या लहरीखातर नीरफणस घेऊन जायचे, तिथे आता परदेश झाला आहे. रात्री मला त्या गोष्टीचा फार राग आला. कोण कुठले चार लोक, कुठल्याशा थंड गावात टेबलाभोवती बसले आणि त्यांनी माझ्या आणि तुझ्यामध्ये रेघ मारली.

आणखी एक सांगायचं आहे. स्पॅनिश गेले तशी हद्दपारीही संपली. मनिलाकडचे बाकीचे हद्दपार एकेक करून निघाले. यंदाच्या सुरुवातीला तिकडे जाणारं एक जहाज बंदरात लागलं आणि इलारियो सकाळी काही न बोलता तिकडे गेला. त्याची पटाशी, रंधा घरीच होता, पण ते मी नंतर पाहिलं. मी दिवसभर चुलीपाशी बसून होते आणि चूल पेटवली नव्हती. तिकडे त्याच्या गावी आता अमेरिकनांशीच लढाई जुंपली आहे, त्याचा धाकटा भाऊ त्यात आहे. जावंसं वाटणं साहजिक होतं, आणि मी अडवणार नव्हते. संध्याकाळी तो आला तो मासे घेऊन. म्हणाला, "बघून आलो. जहाज चांगलं आहे." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "भावासाठी निरोप दिला. तिथे आता मला ओळखणारा तोच एक आहे, आणि त्याला मी बेडीतलाच आठवणार. इथे बुधवारी बाप्तिस्मा आहे ना?" मी मासे साफ करायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि हमसून रडले. मला तो हवा आहे, ताई. हे वाक्य अठरा वर्षं तुला लिहायचं राहून गेलं होतं.

म्हणून आता ती जुनी गोष्ट. देवीच्या साथीत आईबाप एका आठवड्यात गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि तू वीस. गावात खड्डे खणायला माणसं उरली नव्हती. तू मला हाताला धरून मळ्यावर नेलंस, माझ्या तोंडात घास घातलास, तुला स्वतःला आलेली दोन स्थळं माझ्यासाठी परत पाठवलीस. पुढे माझ्यासाठी स्थळं आली ती मी परत पाठवली, तेव्हाही तू मारलं नाहीस, नुसती म्हणालीस, "कुठला राजपुत्र येतोय ते बघतेच." आणि आला तो बेडीच्या वणाचा सुतार. एकटा. आपल्या रीतीत मुलगा तोंड उघडत नाही, त्याची माणसं मागणी घालतात. याच्यामागे माणूसच नव्हतं, म्हणून हा स्वतःच बोलला, हातात सुपारीचा एक घोस घेऊन. तू त्याला बसायला दिलंस, पाणी दिलंस आणि म्हणालीस, "बाबा, तू वाईट नाहीस. पण ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्या हाती मी ही पोर कशी देऊ? उद्या तू मेलास तर हिच्या दारात रडायला कोण येईल? मी एकदा असं घर पाहिलं आहे, जिथे कोणी आलं नव्हतं." मी दाराआड होते. मला तुझा राग नाही आला. तुझं खरं होतं. पुढे तू भावोजींबरोबर खोबऱ्याच्या धंद्यासाठी सायपानला गेलीस आणि तो माझं छप्पर शाकारायला आला, आणि छप्पर झाल्यावर गेला नाही. पण लग्न मी कधी काढलं नाही, त्यानेही नाही. तुझ्या 'नाही'वर पाय देऊन मला चर्चमध्ये जायचं नव्हतं. मग स्पॅनिश पाद्र्यांनी डोळे वटारले, बायकांनी टोमणे मारले की प्रार्थना सांगणारी बाई आणि घरात बघा काय. तेव्हा नाही गेले, तर आता ढोल वाजला म्हणून जाऊ? सरकारला भिऊन केलेलं लग्न मला नको. मला तुझं हो हवं.

ताई, आता नजर वर कर. तुझ्या जिन्याच्या पायथ्याशी जो माणूस टोपी हातात धरून उभा आहे, ज्याने हे पत्र तुला दिलं आणि तोंडातून शब्द काढला नाही, तो टपालवाला नाही. तू वाचून संपवेपर्यंत बोलायचं नाही, अशी मीच त्याला शपथ घातली आहे. आणि पत्र एवढं लांबवलं ते तुझा पहिला राग वाचता वाचता निघून जावा म्हणून. त्याच्या मागे उभे आहेत ते बघ. हुस्तो बोलेल, त्याला नुकतीच सवय झाली आहे. बाकीचे सगळे इलारियोच्या धर्ममुलांचे बाप आहेत, आपापली कामं टाकून आलेले. जपानी व्यापाऱ्याचा गलबतवाला म्हणत होता की या खेपेला खोबऱ्याला जागाच उरली नाही. परवाने हॅडलीने स्वतःच्या हाताने लिहून दिले आणि म्हणाला, "तुमच्या ताईला माझाही नमस्कार सांगा." हे सगळे माझ्या दारात रडायला येणारे आहेत, ताई. मोज हवं तर. तू हो म्हणालीस तर तीन तारखेच्या आत त्यांच्याबरोबर तूही ये, मला तुझ्या हाताने चर्चमध्ये ने. नाही म्हणालीस तर मी दंड भरेन, कोठडीत बसेन, आणि सुटल्यावर त्याच घरी त्याच माणसाकडे जाईन, फक्त आयुष्यभर थोडी कमी हसेन. आणि एक लक्षात ठेव, तुझं उत्तर मिळेपर्यंत तोंडात घास घालणार नाही असं त्या वेड्याने ठरवलं आहे, आणि दोन दिवस समुद्राने त्याचे हाल केले आहेत. तेव्हा हो म्हणायचं असेल तर आधी म्हण आणि मग जेवायला वाढ. नाही म्हणायचं असेल तर आधी त्याला जेवू घाल.

तुझ्या उत्तराची वाट बघत बंदरावर रोज जाणारी,
तुझीच
रुफीना